अमेरिकेतला सातबारा

आमच्या गल्लीत एखाद्याला चांगलं काम करायचं असेल, तर त्यानं आधी एक वाईट कारण तयार ठेवावं लागे. लोक विचारणारच. काशिनाथकाकांनी एकदा दारात आलेल्या कुत्र्याला अख्खी, ताजी, तूप लावलेली भाकरी घातली. संध्याकाळपर्यंत गल्लीनं ठरवून टाकलं की काकांच्या घरच्या तुपात पाल पडली असणार. आणि काकांनी काय करावं? ओट्यावर उभं राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय, पडलती." पाल वगैरे काही नव्हती. पण कनवाळू माणूस म्हणून नाव झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली काही ना काही मागायला दारात उभी राहिली असती. पालीवर भागत होतं, काकांनी भागवलं.

आमची माणसं वाईट होती असं मात्र समजू नका. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्या राज्यात मुरलेली अक्कल कुठं जाते? वरून कुणी काही द्यायला लागलं की आधी आपला खिसा चाचपून पाहायचा, ही ती अक्कल. त्या काळात रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू मिळायचा, लालसर, चिवट, पोळी लाटली की परत आक्रसणारा. आमचं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, तो खायचं आणि खाताना विचारायचं, अमेरिका आपल्याला गहू कामून देते? कुणी म्हणे, त्यांच्या डुकरांनी नाकारलेला आहे. कुणी म्हणे, हा खाल्ला की माणूस इंग्रजी बोलायला लागतो. माझी आई असल्या गप्पांवर विसंबणारी नव्हती. ती गहू तीन पाण्यांत धुवायची, वाळवून दळून आणायची, पहिली पोळी शेजारच्या गाईला घालायची आणि गाय संध्याकाळी हंबरली की मगच आम्हाला ताटावर बसवायची. गाय हंबरण्याची इतकी उत्कंठेनं वाट पाहणारं कुटुंब जगात दुसरं नसेल.

अशा या गल्लीत, आमच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत, एक अख्खा अमेरिकन भाडेकरू म्हणून येऊन राहिला.

त्याचं नाव डेव्हिड. गल्लीनं आठवड्यात त्याचा देवीदास केला. उंची एवढी की आमच्या चौकटीला रोज सकाळी एकदा कपाळ आपटायचं. तो आवाज आमच्या घरातला पहिला भोंगा. त्यानंतर गल्लीच्या टोकाला रहीमचाचांचा हिमरूचा माग सुरू व्हायचा, खटाक-खट, खटाक-खट, आणि मग दादांच्या बोरूची कुरकुर. दादा म्हणजे माझे वडील. निजामाच्या शाळेत सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, एका वकिलांकडे मुन्शी होते, अर्ज-दस्तऐवज लिहायचे. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, तेव्हा चाळिशीच्या दादांनी माझ्या शाळेच्या मराठी पुस्तकावरून मराठी मसुदे लिहायचा सराव केला. इंग्रजी मात्र त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. डेव्हिड त्याच्या विद्यापीठात उर्दू शिकून आला होता, इतकी शुद्ध की गल्लीत ती फक्त दादांना आणि रहीमचाचांना पुरती कळे. इथली माणसं मत कशी देतात याचा तो अभ्यास करत होता. वही घेऊन घरोघर जायचा आणि विचारायचा, आपण मत कुणाला दिलंत, आणि का? आता आमच्या गल्लीला हा प्रश्न विचारणं म्हणजे मांजरीला दुधाचा हिशेब विचारणं. काशिनाथकाकांनी सांगितलं की त्यांनी चारही उमेदवारांना मत दिलं. डेव्हिडनं ते लिहून घेतलं. काका दोन दिवस झोपले नाहीत. लिहून का घेतलं असेल?

काका वैजापूरच्या कांद्याचे अडते. मोंढ्यात बसायचे, पोत्यात हात न घालता वासावरून सडका कांदा ओळखायचे, आणि माणसाबद्दलही हीच पद्धत वापरायचे. दादा नगरपालिकेवर निवडून आले तेव्हा काकांनी गळ्यात हार घातला आणि त्याच हातानं हार मोजला, फुलं कुणी दिली ते कळावं म्हणून.

दादा मेंबर झाले, आणि आमच्या घरात एक गोष्ट न बोलता ठरून गेली. आमच्याकडे रिवाज होता. मेंबरच्या दारात दिवा आणि मेंबरच्या दारात नळ. परक्या गल्लीत मेंबरचं घर शोधायचं तर कुणाला विचारावं लागत नसे. जिथं नळाखाली चिखल तिथं मेंबर. आमच्या भागात जुन्या नहरीचं पाणी यायचं ते आटत चाललं होतं, आणि गल्लीतल्या बायका पलीकडच्या मोहल्ल्यातल्या हौदावरून पाणी आणायच्या. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, म्हणून आईला त्यातल्या त्यात कमी चालावं लागे. गल्लीच्या टोकाला विणकरांची पंधरा-वीस घरं, त्यांची तंगडतोड सर्वांत जास्त. रहीमचाचांची सून नसीम डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन यायची आणि बरोब्बर आमच्या ओट्याशी तिचा दम संपायचा. ओट्यावर घागर टेकवून ती उभी राहायची. आई आतून ओरडायची, "आला का ओल्या घागरीचा वळ माझ्या ओट्यावर! आत्ताच शेणानं सारवलाय!" आणि ओरडत ओरडतच बाहेर येऊन घागर तिच्या डोक्यावर चढवून द्यायची. हे रोजचं. पालिकेनं गल्लीसाठी एक नळ मंजूर केला तेव्हा आईनं नवी तांब्याची घागर आणली, ओट्याशेजारी फरशीचा चौकोन करून घेतला आणि त्या कोरड्या चौकोनाकडे ती अशी पाहायची, जशा बाकीच्या बायका पाळण्याकडे पाहतात.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात डेव्हिडनं त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली.

संध्याकाळ होती. ओट्यावर दादा, काका, रहीमचाचा. आईनं येसराची आमटी आणि धपाटे दिले होते; डेव्हिड आमटी पिताना रडायचा आणि परत मागायचा. दादा नेहमीप्रमाणे म्हणाले, "डेव्हिडसाहब, तुमच्याकडे राजाच नाही कधीपासून. मग तुमच्याकडचे मेंबर कसे असतात?" डेव्हिड हसून म्हणाला, "ज़्यादातर तो अपना ही देखते हैं, मुन्शीजी. पर मेरे दादा भी मेंबर थे." त्याचे आजोबा त्यांच्या राज्याच्या विधिमंडळात होते. गावाबाहेरच्या सडकेवर त्यांची खानावळ आणि पेट्रोलचा पंप. नवा मोठा रस्ता निघाला, तो त्यांच्या गावावरून न्यायचा की डोंगरापलीकडच्या गावावरून, यावर समितीत मतं समसमान पडली, आणि शेवटचं मत आजोबांचं राहिलं. पलीकडून नेला तर नऊ खेडी जोडली जात होती, त्या खेड्यांतली माणसं दवाखान्यात पोचेपर्यंत मरत होती. आजोबांनी पलीकडच्या बाजूनं मत दिलं. खानावळ दोन वर्षांत बंद पडली. आजोबा दुसऱ्याच्या दुकानात सामान बांधायला लागले. डेव्हिडच्या शाळेत त्यांची तसबीर आहे.

दादांचे डोळे चमकत होते. काकांचेही, पण निराळ्या कारणानं.

"पलीकडच्या गावात जमीन असंल त्यांची," काका म्हणाले.

"नहीं थी."

"मेव्हण्याची असंल."

"उनका कोई साला नहीं था."

"मग जावयाची."

"बेटी तब तीन साल की थी."

काकांनी धपाट्याचा तुकडा मोडला, चावला, गिळला. "सुमे, तू आत जा जरा," ते मला म्हणाले. मी आत गेले, म्हणजे दाराआड गेले. "त्या गावात कुणी बाई वगैरे?"

रहीमचाचा हसले. "अरे काशिनाथ, कायकू उनके मरे हुए दादा को परेशान करता? एखाद आदमी अच्छा हो गया होगा. गलती से."

"गलती से हुआ तो ठीक आहे," काका म्हणाले. "जान-बूझके हुआ तो डर की बात है."

तीन दिवसांनी नळ बसवणारी माणसं आली. आईनं नव्या घागरीला हळदकुंकू लावून ठेवलं होतं. दादा त्यांना घेऊन आमच्या दारावरून पुढं गेले, काकांच्या दारावरून पुढं गेले, आणि पार टोकाला, रहीमचाचांच्या भिंतीशी जाऊन म्हणाले, "इथं."

आई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "अमेरिकेच्या म्हाताऱ्यानं खानावळ घालवली, म्हणून माझा नळ?" दादा म्हणाले, "अगं, तिकडं घरं जास्त आहेत." आई म्हणाली, "घरं जास्त का मतं जास्त?" बघा, तव्यावर भाकरी आणि तोंडात काशिनाथकाका! स्वतःच्या नवऱ्यावरही तिचा विश्वास नव्हता. आणि याचं दादांना जितकं लागलं, तितकं गल्लीच्या कुचेष्टेचंही लागलं नसेल. ती पहिल्यांदा टोकाच्या नळावर गेली ती मान ताठ करून, नवी घागर घरी ठेवून, जुनी पोचा पडलेली घेऊन.

पण गल्ली नुसत्या कुचेष्टेवर थांबणारी नव्हती. गल्लीला कारण हवं होतं. मतांचं कारण काकांनी स्वतःच खोडून काढलं, कारण विणकरांची सगळी मतं आधीपासून दादांचीच होती. जे खिशात आहे ते कुणी विकत घेतं का? मग काका दोन दिवस मोंढ्यात गेले नाहीत. ओट्यावर बसून विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांना उलगडा झाला आणि तो त्यांनी फक्त चार माणसांना, शपथ घालून सांगितला, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळला. मुन्शी कचेरीतला माणूस. त्याला आतली बातमी असते. दारातली वस्तू माणूस कधी सोडतो? ती जागाच राहणार नसेल तेव्हा. गल्ली रुंद होणार! ओटे जाणार! म्हणून तर त्यानं नळ तिकडं टोकाला ढकलला, जिथं ओटे नाहीत!

दादांनी सांगून पाहिलं की असं काही नाही. ते जितकं सांगत, तितकी बातमी पक्की होत गेली. काकांनी पुढचं गणितही मांडलं. ओटा गल्लीत पुढं आलेला दिसला की पालिकेची माणसं पहारी घेऊन येतात, आणि एकदा पहार हातात आली की ती ओट्यावर थांबत नाही, भिंतीलाही लागते. ओटाच नसला तर पहार आणतील कशाला? तेव्हा शहाण्यानं आपला ओटा आपणच काढावा आणि भिंत वाचवावी. त्या रविवारी सकाळी चौकटीवर डेव्हिडचं कपाळ आपटण्याआधीच पहारींचे आवाज सुरू झाले. काकांनी सुरुवात केली. मग त्यांच्या समोरच्यांनी. संध्याकाळपर्यंत एकोणीस ओटे गेले. लोक मुलाबाळांसकट घमेली उचलत होते, एकमेकांना मदत करत होते, कुणीतरी चहा केला होता. इतकी एकी मी त्या गल्लीत ना आधी पाहिली ना नंतर. आणि प्रत्येकजण मनात खूश, की मुन्शीची चाल आपण ओळखली.

मग सगळे वाट पाहत बसले. एक महिना गेला, दुसरा गेला. पहारवाले आले नाहीत. कुणीच आलं नाही. आणि मग एका सकाळी गल्लीनं मान वर करून पाहिलं तो सबंध गल्लीत एकच ओटा उभा होता. आमचा.

तुम्हीच सांगा, याहून भक्कम पुरावा कुठल्या कोर्टाला मिळाला असता? आमच्या दारात माणसं जमली. काका सगळ्यांच्या पुढं. "आम्हाला पाडायला लावले आन् सोताचा ठेवला! मुन्शी, डाव लई लांबचा टाकला राव!" दादा हात जोडून म्हणाले, "अरे, मी कुणाला पाडा म्हणालो?" "नाय म्हनलास. तिथंच तर डाव हाय."

दादा आत गेले आणि पहार घेऊन आले. आई दारात होती. त्या ओट्यावर ती धान्य निवडायची, पापड वाळवायची, दुपारी टेकायची. बाहेरच्या जगात तिची तेवढीच जागा होती. दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पहिला घाव घातला तेव्हा डेव्हिड खोलीतून बाहेर आला (ठण्ण!) आणि कपाळ चोळत ओरडायला लागला, "मुन्शीजी, मत कीजिए, मेरी वजह से मत कीजिए!" ओटा अर्ध्या तासात गेला. धुळीत उभे राहून दादा म्हणाले, "काशिनाथ, एक माणूस स्वतःचं नुकसान करून चारचौघांचं भलं करू शकतो, एवढंच मला म्हणायचं होतं. तिकडं अमेरिकेत एकानं केलंय."

"कशावरनं?" काका म्हणाले. "तसबिरीवरनं? तसबिरी तर आमच्या मोंढ्यात काट्यात दगड ठेवणाऱ्यांच्या पण हायेत. सातबारा दाखव! त्या म्हाताऱ्याचा सातबारा आण अमेरिकेतनं, मग बघू."

डेव्हिडनं सातबारा म्हणजे काय ते विचारलं. जमिनीचा उतारा, कुणाच्या नावावर काय आहे ते सांगणारा कागद, हे रहीमचाचांनी समजावलं. डेव्हिड म्हणाला, त्याच्याकडेही अशी कचेरी असते. तो पुढच्या महिन्यात परत चाललाच होता. जाऊन पाहीन आणि जे असेल ते कळवीन, असा त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला. आणि मग माझ्या वडिलांनी, या भोळ्या, हट्टी माणसानं, गल्लीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "तसं काही निघालं, तर टोकाचा नळ मी उपटून इथं माझ्या दारात बसवीन. सगळे मेंबर करतात तसं. म्हणजे काशिनाथ, तूही सुखी आणि मीही."

डेव्हिड गेला. जाताना रहीमचाचांनी त्याला नान-खलिया खाऊ घातला, काकांनी कांद्याची एक पिशवी दिली, जी विमानात नेता येणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. गल्ली मात्र रुंद होऊन बसली. पावसाळ्यात नसीमचे दिवस भरले तेव्हा गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदा टांगा थेट टोकापर्यंत गेला. आधी ओट्यांमुळे बाजेवरून न्यावं लागे. टांगा आमच्या दारावरून खडखडत गेला तेव्हा काका म्हणाले, "बघा, टांगेवाल्यांशी काय तरी साटंलोटं असंल मुन्शीचं." बोलले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

दिवाळीनंतर पत्र आलं. दुपारची वेळ, दादा कचेरीत. पाकिटावर परदेशी तिकिटं पाहून पोस्टमन सगळ्या गल्लीला सांगतच आला होता. आईनं मला शाळेतून आल्या आल्या धरलं, दार लावलं. "वाच."

मी नववीत होते. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन तास झुंजले. डेव्हिडनं लिहिलं होतं, की ही गोष्ट तुमच्या लिपीत लिहिण्याएवढा माझा हात चालत नाही, म्हणून इंग्रजीत लिहितो. काशिनाथजींच्या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही. मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन जुनी दप्तरं पाहिली. ज्या वर्षी आजोबांनी मत दिलं, त्याच्या आदल्या वर्षी डोंगरापलीकडे, नव्या रस्त्याला लागून, अकरा एकर जमीन घेतलेली आहे. माझ्या आजीच्या नावावर. पुढं ती चांगल्या किमतीला विकली. माझे वडील शिकले ते बहुधा त्यातून, आणि म्हणजे मीही. रस्ता नऊ खेड्यांना उपयोगी पडला हेही खरं आणि हेही खरं. यातलं आजोबांच्या मनात पहिलं कोणतं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. मुन्शीजींना हे सांगा. त्यांना कळायला हवं.

मी थांबले. आईच्या तोंडाकडे पाहायची मला भीती वाटत होती, कारण आता काय होणार हे मला माहीत होतं. एक वर्ष ती हेच म्हणत होती. आता तिच्या हातात कागद होता. संध्याकाळी दादा येतील, हे ऐकतील, दिल्या शब्दाला जागतील, आणि आठवड्यात तिच्या दारातल्या त्या कोरड्या चौकोनात नळ लागेल.

आई बराच वेळ पत्र उलटंसुलटं पाहत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. मग विचारलं, "रस्ता चांगला झाला नं पन?"

"व्हय. नऊ खेडी."

"अकरा एकर कुठं लिवलंय?"

मी बोट ठेवलं. तिनं त्या जागेकडे असं पाहिलं, जसं पोत्यातल्या एका सडक्या कांद्याकडे पाहावं. "हे वाचायचं नाय," ती म्हणाली. "कायबी निघालं नाय म्हन. आन् नीट म्हन. तो काश्या उलटतपासणी घेतंय."

संध्याकाळी ओटे नसलेल्या गल्लीत सतरंज्या पडल्या. रहीमचाचा आले, मागोमाग नसीम बाळाला घेऊन आली. दादा माझ्या शेजारी बसले. त्यांनी स्वच्छ टोपी घातली होती. मी पत्र हातात घेतलं आणि वाचायला लागले, म्हणजे आयुष्यातलं माझं पहिलं नाटक सुरू केलं. इंग्रजीची एक ओळ मोठ्यानं म्हणायची, जी कुणालाच कळत नव्हती, आणि मग तिचं मराठी, जे पत्रात नव्हतं. डेव्हिड तीन दिवस कचेरीत बसला. सगळी दप्तरं पाहिली. धुळीनं शिंका आल्या. (शिंका माझ्या पदरच्या, मला त्यांचा आजही अभिमान आहे.) आजोबांच्या नावावर खानावळीशिवाय काही निघालं नाही.

काका पुढं सरकले. "मेव्हण्याचं पाहिलं का?"

"मेव्हणा नव्हताच. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, काका."

"व्हय, व्हय." काका मागं सरकले. लोक हलायला लागले. दादांनी श्वास सोडला. आणि काका परत वळले, डोळे बारीक केलेले, नाक कांद्याच्या पोत्यावर असावं तसं. "अन् बायकोच्या नावावर?"

मी चौदा वर्षांची होते, माझ्याजवळच्या सगळ्या शिंका संपल्या होत्या. सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती, दादाही.

"बायकोच्या नावावर?" दारातून आईचा आवाज आला. ती बाहेर आली, ओटा नव्हता म्हणून थेट गल्लीतच उतरली. "काशिनाथभावजी, तुमच्या घरी काय हाय हो वहिनीच्या नावावर? नाय, सांगा. एक म्हस? एक वावर? ह्या गल्लीतल्या कोन्या बाप्यानं बायकोच्या नावावर काय केलंय ते सांगा, मग अमेरिकेच्या म्हातारीचं इचारा!"

आधी काकांची बायको हसली. मग नसीम. मग सगळ्या बायका, आणि त्या हसण्यात काकांचा प्रश्न असा बुडाला की पुन्हा वर आला नाही. काका उठले, दादांसमोर आले, टोपी काढली. "मुन्शी, म्हातारा साफ निघाला. आता काय म्हनावं?" दादा नुसते डोळे पुसत होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी आईला विचारलं, "आता तरी बसला विश्वास?" आई म्हणाली, "नाय. पन नळ ऱ्हाऊ दे तिकडंच."

दादा गेले ते त्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवून. मेंबर म्हणून ते पुढच्या वेळी पडले, पण ती निराळी गोष्ट. आम्ही चिकलठाण्याकडे राहायला गेलो, घरात तीन-तीन नळ आले. आणि मला मात्र एका संशयानं वर्षानुवर्षं पछाडलं. आईनं ते का केलं? वादात जिंकायला उभा जन्म देणारी बाई, जिंकलेला कागद कोणी असा लपवतं? काहीतरी मतलब असणार. मी त्याच गल्लीची.

शेवटी ती फार थकली तेव्हा एकदा विचारलंच. ती खाटेवर पडून होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्यावर भलताच आळ घेतला आहे. "तुझ्या दादांसाठी? छट्! नळ दारात आला असता तर सगळ्या गल्लीच्या घागरी माझ्या ओट्यावर आल्या असत्या. वळ पडले असते. मी काय येडी हाय का?"

"पण आई," मी म्हणाले, "तेव्हा ओटा होता कुठं?"

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "पानी आन जरा."